या दोघांना जुंपा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा शब्दांना अर्थ थोडे होते आणि माणसांना सवड भरपूर होती.

त्या काळी एका काळ्या मातीच्या राज्यात एक राणी नव्याने नांदायला आली. तिचं माहेर फार लांब, डोंगरांच्या पलीकडे आणि समुद्राच्याही पलीकडे. राजा स्वभावाने चांगला होता. पण लग्नाची हळद उतरते न उतरते तोच त्याला सरहद्दीवर जावं लागलं. जाताना तो म्हणाला, "मी येईपर्यंत न्यायासनावर तू बस. आमची माणसं साधी आहेत. तुला जमेल."

राणीला इथली भाषा अजून धड येत नव्हती. पण शब्दांची तिला भारी हौस. ती दिसेल त्या वस्तूकडे बोट दाखवून विचारायची, "याला काय म्हणतात? आणि तसंच का म्हणतात?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळे द्यायचे. दुसऱ्या प्रश्नाला सगळे डोकं खाजवायचे.

राणीच्या दिमतीला ठकूबाई नावाची एक दासी होती. वयाने राणीच्या आईएवढी, बोलायला फटकळ. ती म्हणायची, "बाईसाहेब, विळीला विळी का म्हणतात ते मला ठाऊक नाही. बोट कापलं की रक्त येतं, एवढं ठाऊक आहे."

एकदा राणीने आपले दोन तळवे शेजारी शेजारी धरले आणि विचारलं, "दोन वेगळे आहेत. त्यांना असं जवळ आणायचं. एकत्र करायचं. त्याला शब्द काय?"

ठकूबाई शेतकऱ्याच्या घरची. शेजारी शेजारी धरलेले ते दोन हात पाहून तिच्या डोळ्यांपुढे बैलांची जोडी उभी राहिली.

"जुंपणे," ती म्हणाली.

राणीने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. बोलायला छान होता. ओठ मिटायचे आणि परत उघडायचे. तिने तो मनात जपून ठेवला.

आता त्याच राज्यातल्या एका गावाकडे जाऊ.

त्या गावात हैबती नावाचा शेतकरी होता आणि बयजा नावाची एक विधवा होती. दोघांची शेतं लागून. मधे फक्त एक बांध. बयजाचा नवरा रावजी आणि हैबती हे लहानपणापासूनचे जिवलग. एकाची भाकरी दुसऱ्याच्या फडक्यात बांधलेली असायची. बयजा हैबतीला भावजी म्हणायची, हैबती तिला वहिनी म्हणायचा.

मग एका आषाढात, पावसाची झड लागलेली असताना, रावजी अचानक गेला. त्यानंतर काही दिवसांनी बयजा शेतात गेली आणि पाहते तर बांधावरची बाभूळ कुणीतरी तोडून नेलेली. बाभूळ कधीची वठलेली होती. तिला ना पान होतं ना शेंग. पण रावजी तिच्याच बुंध्याला टेकून जेवायला बसायचा. बयजाने बांधावरच्या चिखलात हैबतीच्या गाडीच्या चाकोऱ्या ओळखल्या. ती तशीच गावात आली आणि भर पारावर, चार माणसांत हैबतीला म्हणाली, "मित्राची चिता विझली नाही तोवर त्याच्या झाडावर कुऱ्हाड घातलीस? जळण मिळालं ना? ऊब घे आता!"

हैबतीने मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. आणि काही न बोलता तो उठून गेला.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. वर्षं गेली. बांधाच्या अल्याड ती, पल्याड तो. समोरासमोर आले तर एक ढेकूळ बघायचा आणि दुसरी आभाळ.

मग एका साली गुरांवर रोग आला. गावातल्या अर्ध्या दावणी रिकाम्या झाल्या. हैबतीचा एक बैल मेला, एक उरला. त्याचं नाव डोंगऱ्या. नावासारखाच थोराड, ताकदीचा, आणि पाऊल टाकायला सावकाश. बयजाचाही एक मेला, एक उरला. त्याच्या कपाळावर पांढरा टिळा होता म्हणून तो चांद्या. अंगाने बारीक, पण पायाला भिंगरी.

एका बैलाने नांगर चालत नाही. पावसाळा सरत आला होता. जमिनीत ओल होती तोवर नांगरून शाळू पेरला तर वर्षाची भाकरी होती. ओल उडाली की काळी माती दगड होते. ज्यांच्याकडे एकेकच बैल उरला होता, त्या सगळ्यांनी आपसांत जोड्या लावून घेतल्या. एक तुझा, एक माझा. आधी तुझं रान, मग माझं. उरले फक्त हे दोघे.

गावाच्या पाटलाने समजावलं. बयजा म्हणाली, "त्या माणसाच्या बैलाशेजारी माझा बैल? त्यापेक्षा मी स्वतः नांगराला खांदा देईन."

 हैबतीने फक्त मान हलवली, आडवी.

शेवटी भांडण राजवाड्यापर्यंत गेलं. बयजाचं म्हणणं, "माझी बाभूळ तोडली, त्याची भरपाई म्हणून याचा बैल मला द्या." हैबतीच्या वतीने त्याचा चुलतभाऊ बोलला, "हिचा चांद्या आमच्याच गाईचं वासरू. दोस्तीत दिलं होतं. दोस्ती संपली, वासरू परत करा."

म्हणजे दोघांनाही जोडी हवी होती. फक्त दुसरा माणूस नको होता.

राणी न्यायासनावर बसली होती. तिला सगळे शब्द कळले नाहीत, पण माणसं कळली. तिला दिसलं की बोलताना बयजाचा आवाज चढतो आणि मधेच फाटतो. तिला दिसलं की हैबती बोलत नाही, पण बयजा बोलली की त्याचा कान तिकडे वळतो. राणीला वाटलं, बैल कुणाला द्यायचा हा प्रश्नच नाही. यांना एकत्र आणायला हवं. यांची मनं जुळवायला हवीत. आणि तिला तो जपून ठेवलेला शब्द आठवला.

ती उठून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "या दोघांना जुंपा!"

 दरबारात कुणीतरी खोकला. खोकल्याआड हसू होतं. ते एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं आणि बघता बघता खांबांना टेकलेले भालदारसुद्धा खांदे हलवायला लागले.

म्हातारे प्रधानजी राणीच्या कानाशी आले. "राणीसाहेब," ते हळूच म्हणाले, "जुंपतात ते बैल. माणसांना जुंपत नाहीत."

राणीचा चेहरा लाल झाला. "मी चुकला," ती पुटपुटली.

"चुकले," मागून ठकूबाई कुजबुजली. "बाईने चुकले म्हणायचं."

पण त्या राज्याची एक रीत होती. न्यायासनावरून निघालेला शब्द मागे घ्यायचा नाही. प्रधानजींनी क्षणभर विचार केला. शब्द बदलता येत नव्हता, पण तो कुणाला लागू करायचा हे त्यांच्या हातात होतं. ते दरबाराकडे वळले आणि म्हणाले, "हुकूम झाला आहे. हैबतीचा डोंगऱ्या आणि बयजाचा चांद्या यांना एका नांगराला जुंपावं. दोन्ही शेतं याच जोडीने नांगरावीत. पेरणी होईपर्यंत हुकूम लागू. जो मोडेल, त्याचा बैल सरकारी गोठ्यात जमा."

बयजा काही बोलायला गेली, पण बैल जाईल या भीतीने गप्प बसली. हैबतीने पागोटं सारखं केलं आणि चालू लागला.

राणीला मात्र चैन पडेना. आपल्या चुकीचं काय झालं हे तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. आणि खरं सांगायचं तर, जिचं नाव आपण इतक्या जोरात हुकमात घेतलं, ती जुंपणे नावाची गोष्ट असते तरी कशी, हेही पाहायचं होतं. ती बंदराच्या शहरात वाढलेली. नांगर तिने जवळून कधी पाहिलाच नव्हता. एका सकाळी साधं लुगडं नेसून ती ठकूबाईला घेऊन त्या गावाला निघाली.

शेतात अजून काम सुरू व्हायचं होतं. बांधाशी नांगर आडवा पडला होता, शेजारी एक लांब लाकूड. राणीने लगेच बोट दाखवलं. "हे काय?"

"हे जू, बाईसाहेब," ठकूबाई म्हणाली. "हे लाकूड दोन्ही बैलांच्या मानेवर आडवं येतं. त्याला जो पट्टा असतो, मानेभोवती बांधायचा, ती जुपणी. जू मानेवर ठेवायचं, जुपणी बांधायची, की झाले बैल जुंपून."

राणी थांबली. तिने त्या झिजून गुळगुळीत झालेल्या लाकडावर हात ठेवला. "जू," ती म्हणाली. "जुपणी. जुंपणे." मग तिने आपल्या माहेरच्या भाषेतला जोडण्याचा शब्द मनातल्या मनात म्हटला आणि ती चकित झाली. त्या शब्दातही असाच एक आवाज होता, आणि तिकडे शेतकरी ज्या लाकडाखाली बैल बांधतात, त्याचं नावही त्याच आवाजाचं होतं. आयुष्यभर ती तो शब्द बोलत आली होती. त्याच्या आत लाकूड आहे आणि दोन मानांचा भार आहे, हे तिला आज कळलं.

मुलांनो, आणि मोठ्यांनो, यात नवल वाटायला नको. इंग्रजीत जोडण्याला, सामील होण्याला 'जॉइन' म्हणतात ना? शब्दांची मुळं खणणारे लोक सांगतात, की त्याचं मूळ लॅटिन नावाच्या जुन्या भाषेत आहे, आणि तिथे जोडणं आणि जू हे एकाच घरातले शब्द. आपल्या संस्कृतातला 'युज्', त्यावरून आलेला 'योग', हे त्याच कुळातले. समुद्राच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, फार पूर्वी माणसाने दोन जिवांना एका कामाला लावलं तेव्हा त्यांच्या मानेवर एक लाकूड होतं.

असो. आपले हैबती आणि बयजा आता शेतात येत होते. दोन वेगवेगळ्या वाटांनी.

हैबतीने जू ठेवलं. नांगराचा लांब दांडा जुवाला बरोबर मधोमध आवळून बांधला. डोंगऱ्या एका बाजूला, चांद्या दुसऱ्या बाजूला. हैबतीने नांगर धरला. बयजा चांद्याच्या बाजूने चालू लागली. तोंडं दोघांचीही बंद.

बैल निघाले. चांद्या उड्या मारत पुढे, डोंगऱ्या आपला सावकाश. मग नांगराचा फाळ जमिनीत रुतला आणि ओझं आलं. चांद्याची उडी तिथेच संपली. त्याची पावलं अडखळू लागली. डोंगऱ्या मात्र त्याच संथ चालीने ओढतच राहिला. जू तिरकं झालं, नांगर एका अंगाला ओढला गेला, आणि सरळ जायचं तास, म्हणजे नांगराची रेघ, गोल फिरून जिथून निघालं तिथेच आलं.

परत सुरुवात. परत तेच. चांद्याचा खांदा सोलवटून लाल दिसायला लागला.

बयजाने ते पाहिलं आणि तिच्या तोंडाचं कुलूप निघालं.

"थांबव! दिसत नाही का? माझ्या बैलाचा खांदा फाटला!"

हैबतीचंही निघालं. "मग तुझ्या बैलाला सांग सरळ चालायला! माझा एकटाच ओढतोय!"

"तुझा रेडा आहे रेडा! त्याच्याएवढं वासराने ओढायचं?"

"हुकूम दोघांना जुंपायचा आहे. दांडा मधोमध बांधलाय. अर्धं तुझ्याकडे, अर्धं माझ्याकडे. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही. आणखी काय न्याय पाहिजे?"

"न्याय? तू मला न्याय शिकवतोस? मेलेल्याचं झाड चोरणारा!"

आसपासच्या शेतांतली माणसं हातातलं काम टाकून बांधावर आली. ठकूबाईने कपाळावर हात मारला. "घ्या! आता जुंपली बघा खरी!"

राणीने गोंधळून तिच्याकडे पाहिलं. "बैल तर उभे आहेत. नांगर थांबला. मग जुंपली काय?"

"भांडण, बाईसाहेब!"

ठकूबाईच्या तोंडून ते सहज निघून गेलं होतं. तोवर त्या मुलखात कुणी भांडणाला तसं म्हणत नसे. पण बांधावरच्या माणसांनी ते ऐकलं, त्यांना ते पटलं, आणि 'जुंपली, जुंपली' म्हणत सगळे हसायला लागले. या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला तो तिथे, असं ही गोष्ट सांगते.

राणीला मात्र हसू आलं नाही. तिला वाटलं, आपल्या एका चुकीच्या शब्दाने या मुक्या शत्रूंना बोलते शत्रू केलं. मुक्या जनावराचा खांदा सोलला. पुरे झालं. ती पुढे झाली. दरबारात आलेल्या माणसांनी तिला ओळखलं आणि सगळे बाजूला सरले.

"मी हुकूम दिला," राणी म्हणाली, "मीच उतरवते. रीत मोडली तर माझ्याकडून मोडेल. काढा ते जू."

हैबतीने नांगर सोडला. बयजा चांद्याच्या गळ्यातली जुपणी सोडायला वाकली. तेवढ्यात राणीच्या मनात एक प्रश्न आला, आणि प्रश्न आला की तो विचारल्याशिवाय तिला राहवत नसे.

"बाई," तिने विचारलं, "झाड आवडतं होतं ना? मग इतकी वर्षं तुम्ही यांना विचारलं का नाही, झाड कशाला तोडलं?"

"विचारायचं काय त्यात?" बयजा म्हणाली. "कुऱ्हाड याची, गाडी याची."

"ते कोणी तोडलं झालं," राणी अडखळत म्हणाली. "मी विचारते, कशाला?"

 राणी हैबतीकडे वळली. "आणि तुम्ही सांगितलं का नाही?"

 हैबतीचं तोंड आज एकदा उघडलं होतं. ते आता मिटेना.

"झड लागली होती," तो म्हणाला. "आठ गावांत सुकं लाकूड नव्हतं. सरण रचलं तर पेट घेईना. नुसता धूर. मी रावजीला तसा धुरात किती वेळ ठेवू? गावात एकच लाकूड आतून कोरडं होतं. ते बांधावर उभं होतं. मी गाडी घेऊन गेलो, तोडलं, आणून घातलं. तेव्हा कुठे..."



बयजा वाकली होती ती तशीच राहिली. बायका तेव्हा स्मशानात जात नसत. लाकूड कुठून आलं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मयताच्या घरी जाऊन असलं कुणी सांगतही नाही. हैबतीच्या घरचं असेल असं समजून बाकीचेही विसरून गेले होते.

"मग पारावर का नाही बोललात?" तिने विचारलं. आवाज अगदी खाली आला होता. "मी एवढं बोलले, चार माणसांत. तुम्ही गप्प का राहिलात, भावजी?"

"काय सांगणार होतो, वहिनी? तुम्ही म्हणालात, ऊब घे. ज्या लाकडाने रावजीला..." त्याने पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले. "मला वाटलं, हिला असं वाटूच कसं शकतं? वाटलं तर वाटू दे. मग रागच आला. राग इतका धरला की पुढे सांगायचं काय होतं, तेच मागे राहिलं."

बयजा मटकन तासात बसली. काळ्या मातीत दोन्ही हात खुपसून ती रडली. रावजी गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. कुणी तिला उठवायला गेलं नाही. बैल शेपट्या हलवत उभे होते.

बऱ्याच वेळाने ती उठली. डोळे पुसले. चांद्याचा खांदा पाहिला, त्याला हळद-तेल लावायला हवं म्हणाली. ठकूबाई पळत जाऊन वस्तीवरून वाटी घेऊन आली.

राणी म्हणाली, "आता जू काढू या का?"

"आज काढू," हैबती म्हणाला. "त्याचा खांदा जरा सुकू दे. पण परत ठेवू, राणीसाहेब. ओल चाललीय."

खांदा सुकला तेव्हा ती दोघं परत शेतात आली. या वेळी एकाच वाटेने. हैबतीने जू ठेवलं, पण दांडा मधोमध बांधला नाही. तो त्याने डोंगऱ्याच्या बाजूला सरकवला. चांद्याच्या बाजूचं लाकूड लांब झालं, डोंगऱ्याच्या बाजूचं आखूड. असं केलं की आखूड बाजूच्या बैलावर जास्त भार येतो आणि लांब बाजूचा हलका होतो. नांगर धरणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. हैबतीलाही ठाऊक होतं. पहिल्या दिवशी त्याने ते केलं नव्हतं, इतकंच.

"ज्याच्या अंगात बळ, त्याने जास्त ओढावं," तो डोंगऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला.

"आणि ज्याच्या पायात उडी, त्याने जरा धीर धरावा," बयजा म्हणाली. तिने चांद्याची वेसण हातात घेतली आणि त्याच्या तोंडाशी तोंड ठेवून चालली. तो पुढे धावायला लागला की ती म्हणायची, "अरे, थांब. तो येतोय. येऊ दे त्याला."

तास सरळ पडलं. काळी माती दोन्ही बाजूंना उलटत गेली. आधी बयजाचं रान झालं, मग हैबतीचं. ओल उडायच्या आत शाळू पेरून झाला.

ती दोघं पुन्हा भांडली नाहीत असं समजू नका. चांगली भांडली. नांगर खोल जातोय म्हणून, न्याहारीला उशीर झाला म्हणून, चांद्याला चारा कमी टाकला म्हणून. गावातले लोक म्हणायचे, "सकाळी यांचे बैल जुंपतात, दुपारी यांची जुंपते." पण आता भांडणात विचारणं असायचं आणि सांगणंही असायचं. संध्याकाळपर्यंत ते मिटायचं, कारण उद्या सकाळी परत एकाच नांगरामागे चालायचं होतं.

पेरणी झाली तशी हुकमाची मुदत संपली. शाळू जोरात आला. त्याची कणसं पाहायला राजा सरहद्दीवरून परतताना मुद्दाम वाकडी वाट करून आला. वाड्यावर पोचल्यावर त्याने राणीला हसत विचारलं, "तुझ्या हुकमाची गोष्ट वाटेतल्या प्रत्येक गावात ऐकली. तू चुकलीस म्हणे?"

"चुकले," राणी म्हणाली. या वेळी क्रियापद बरोबर होतं. "मला जोडा म्हणायचं होतं. मला वाटायचं, जोडलं की भांडण संपतं. ते तर तिथे सुरू झालं. पण भांडली नसती तर ती दोघं एकमेकांना समजलीही नसती."

पुढच्या साली रोग ओसरला. हैबतीच्या गोठ्यातला एक गोऱ्हा कामाला आला, त्याची जोडी पुरी झाली. बयजानेही बाजारातून एक बैल आणला. आता दोघांनाही एकमेकांची गरज उरली नव्हती. नांगरटीचे दिवस आले तेव्हा तो त्याच्या शेतात, ती तिच्या गड्याबरोबर तिच्या शेतात. मधे बांध. कामाच्या घाईत कुणी कुणाशी बोललं नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी बयजाला ती शांतता कानाला टोचायला लागली. ही शांतता तिने फार वर्षं ऐकली होती.

तिने हातातलं काम टाकलं, कमरेला पदर खोचला आणि बांधावर जाऊन उभी राहिली.

"अहो भावजी! तुमच्या डोंगऱ्याने माझ्या बांधावरचं गवत खाल्लं!"

हैबतीने नांगर थांबवला. "ते तर तो गेल्या सालीही खात होता, वहिनी."

"मग गेल्या सालचंही भांडण बाकी आहे!"

हैबतीने तिच्याकडे पाहिलं. मग तो इतका मोठ्याने हसला की डोंगऱ्यानेसुद्धा मान वळवली. "चला तर," तो म्हणाला, "भाकरी सोडू, आणि जेवता जेवता भांडू."

त्या दिवसापासून त्या गावात एक रीत पडली. जोडी असो वा नसो, नांगरटीचा पहिला दिवस शेजाऱ्याच्या बैलाबरोबर आपला बैल जुंपून करायचा. दांडा कुठे बांधायचा यावरून त्या दिवशी गावभर कलकलाट चाले, आणि सूर्य मावळेपर्यंत प्रत्येक बांधावर दोन घरं एकत्र जेवत असत.

तात्पर्य: जे एका जुवाखाली येतात त्यांची कधीतरी जुंपणारच, अशा वेळी जू फेकून देऊ नये, थोडं सरकवून बांधावं.